मल्लप्पा अण्णांची थप्पी

आमच्या गल्लीत घरोघरी गॅस आला, पण अंघोळीचं पाणी अजून बंबातच तापतं. त्यामुळे जळण सगळ्यांना लागतं, आणि ते सर्वांत जास्त होतं मल्लप्पा अण्णांकडे. अडचण एवढीच, की ते जाळायला परवानगी नव्हती.

अण्णा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका गोदामावर होते. पोत्यांच्या थप्प्या लावण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर पोती राहिली नाहीत, पण हात स्वस्थ बसेनात. तेव्हा त्यांनी घरामागं, कंपाउंडच्या भिंतीपासून थोडं अंतर सोडून, पत्र्याचं शेड ठोकलं आणि बाभळीचे ओंडके आणायला सुरुवात केली. सकाळी ते कुऱ्हाड घेत, ओंडका फिरवून चीर शोधत, तिच्यात पाचर ठोकत आणि सगळे तुकडे एका मापाचे पाडत. मग थप्पी. जाड तुकड्याशेजारी बारीक तुकडा, साल वरच्या अंगाला, मध्ये जागा राहिलीच तर तिथं ढलपी. शेवटी थप्पीच्या तोंडावरून तळहात फिरवत. एखादं लाकूड बोटाला लागलं तर अख्खी ओळ उतरवून पुन्हा रचत.

शेजारच्या बजाबाईंनी एकदा दोन लाकडं मागितली, तर अण्णांनी त्यांना वखारीचा रस्ता समजावून सांगितला. घरातही तीच शिस्त. अण्णांच्या पत्नी, दाक्षायणी वहिनी, यांनी बंब तुराट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर, तापवायचा असा हुकूम होता. पाणी मात्र रोज कडक असे. अण्णा अंघोळ करून बाहेर आले की तुराट्यांची तारीफ करत. आणि गल्लीत कोणी भेटलं की सांगत, माझ्या थप्पीत मुंगी सुदा शिरायची न्हाय.

यंदाच्या नागपंचमीची गोष्ट. त्या दिवशी चिरायचं, कापायचं, फोडायचं काही नसतं, म्हणून कुऱ्हाड कोपऱ्यात होती आणि अण्णा दारात माझ्याशी बोलत बसले होते. तेवढ्यात घरामागून वहिनी धावत आल्या.

"अवो, साप हाय. थप्पीत नाग हाय."

"थप्पीवर असंल," अण्णा म्हणाले.

"आत हाय. येटोळं घालून बसलाय."

"आत बसलेला तुला भाईरनं दिसला कसा?"

यावर वहिनींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, शेपूट आत जाताना दिसलं.

बातमी गल्लीभर गेली. बायका ताटं घेऊन निघण्याच्या तयारीतच होत्या. पूर्वी त्या माळावरच्या वारुळाला जायच्या, पण तिथं प्लॉट पडले आणि वारूळ सपाट झालं. तेव्हापासून भिंतीवर चिकटवलेल्या चित्राला दूध-लाह्या वाहून भागवत होत्या. आता पंचमीच्या दिवशी खरा नाग आपल्या पायांनी गल्लीत आला होता, असं बजाबाई म्हणाल्या, आणि त्याला पाय नसतात हे सांगायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

अण्णा ताटांच्या आडवे उभे राहिले. पूजा दुसरीकडं करा, हितं काय न्हाय, हितं फटच न्हाय, असं त्यांचं म्हणणं.

"अण्णा, देवाला फट लागती व्हय?" बजाबाईंनी विचारलं.

"देवाला लागत नसंल. सापाला लागती."

थप्पी उतरवून बघू, असं एकानं सुचवलं. बायका त्याच्यावर तुटून पडल्या. पंचमीला नागाचं घर मोडायचं? एकदा पूजा झाली की या लाकडांना जन्मात कोणी हात लावणार नाही, असं बजाबाईंनी जाहीर केलं.

अण्णा एकदम थांबले. कोणी हात लावू नये हीच तर त्यांची इतक्या दिवसांची इच्छा. ती पुरी होत होती, पण त्यासाठी थप्पीला फट आहे हे कबूल करावं लागणार होतं. आणि फट नाही म्हणून अडून राहावं, तर सणाच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर नागाला नाकारल्यासारखं होणार.

शेवटी ते म्हणाले, मी स्वतः बघतो. पुढून तळहात फिरवला. कुठंही काही नाही. मग ते थप्पी आणि भिंत यांच्यामधल्या बोळात शिरायला लागले. वहिनी अंगानं काडी, त्यांना तिथून सहज जाता येई. अण्णांचं पोट मोठं. थप्पी रचल्यापासून ते मागं गेलेच नव्हते. बॅटरी धरायला मी त्यांच्यामागं होतो, म्हणून जे दिसलं ते मलाही दिसलं.

मागं थप्पीच नव्हती. पुढची एक ओळ तेवढी उभी होती, तीही निव्वळ अण्णांच्या रचनेच्या जोरावर. तिच्यामागं खोलीएवढी पोकळी. कोपऱ्यात ढलप्यांवर नाग आरामात बसला होता, आणि अलीकडं वहिनींची पाटी कलंडली होती, चार-पाच लाकडांसकट.

अण्णांनी नागाकडं फारसं बघितलं नाही. पाटीकडं मात्र बराच वेळ बघितलं. मग ते कसेबसे मागं सरकत बाहेर आले. वहिनी तुळशीकडं तोंड करून उभ्या होत्या.

"हाय. आत नाग हाय," अण्णा म्हणाले.

"मग फट?" बजाबाई सोडणाऱ्या नव्हत्या.

"फट मीच ठेवलीया. त्येच्यासाठी."

पूजा झाली. तेवढा वेळ अण्णा हात जोडून थप्पीच्या अगदी जवळ उभे होते. बायकांना वाटलं भक्ती. ते कोणी टेकू नये म्हणून राखण करत होते.

सगळ्या गेल्यावर त्यांनी वहिनींना एवढंच विचारलं, "म्हंजे तुराट्या..."

"तुराट्यांनी इतकं पानी तापतंय व्हय? मी तुमचंच खाल्लं, तुमचंच जाळलं."

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड पुन्हा सुरू झाली. शेड आता नागाचं, म्हणून फोडलेलं लाकूड सरळ बंबात जातं. पण बंबही अण्णाच भरतात. जाडाशेजारी बारीक, मध्ये ढलपी, वारा शिरायला जागा नाही. त्यामुळे तो पेटत नाही, नुसता धुमसतो. मग अण्णा बंबाकडं पाठ करून टॉवेल झटकायला लागतात आणि तेवढ्यात वहिनी मधली दोन लाकडं उपसून घेतात.