शेवटच्या पंगतीची वाफ

आमच्या थोरल्या जाऊबाई चुलीपाशी बसून पातेल्याचा आवाज ऐकत. झाकण उघडून बघणं त्यांना मान्य नव्हतं. मान कलती करून, डोळे मिटून त्या कान देत आणि म्हणत, "पाणी बोलून राह्यलं अजून. असू दे." लग्न होऊन मस्तगडच्या घरात आले तेव्हा हे पाहून मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले होते. चार पुस्तकं वाचून आले होते मी. पण पातेलं ऐकणारं माणूस कोणत्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. त्यांना जाऊन आता महिना झाला.

जाऊबाईंचं, म्हणजे सुभद्राबाईंचं, माहेर रंगूनचं. वडील तिथे लाकडाच्या वखारीत कारकून होते. लढाई तिथवर पोचली तेव्हा ही माणसं पायी निघून हिंदुस्थानात आली. त्या वाटेबद्दल जाऊबाई कधी बोलल्या नाहीत. बोलत त्या शेजारच्या चिनी बाईबद्दल आणि तिच्याकडून शिकलेल्या एका पदार्थाबद्दल. कणकेची पातळ पारी, आत सारण, वर चुण्या आवळायच्या आणि वाफवायचं. आमच्याकडे सारण मूगडाळीचं, मेथी आणि आलं घालून. आकारावरून घरात त्यांना नाव पडलं, बोचकी.

"तिकडं सगळे एकदमच बसायचे जेवायला, बायाबी," त्या एकदा म्हणाल्या. "इथं आल्यापासून कार्यात गरम घास न्हाई खाल्ला मी. तू खाल्ला का गं, कमल?"

मी आठवून पाहिलं. आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि सगळं आटोपल्यावर गारढोण अन्नावर आमची. त्यात काही विचित्र आहे, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं. बायकांच्या पंगतीला बोचकी गरम वाढायची, हे जाऊबाईंनी मात्र मनाशी धरलं होतं.

पहिला प्रयत्न माझ्या मुलीच्या बारशाला झाला. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, आपल्या रीतीचा सल्ला दिला. भाकरी गुंडाळून ठेवतो तशी बोचकी पितळी डब्यात भरायची, वर गोधडी. आमची पंगत बसली तेव्हा डब्यातून एक ओला, अखंड गोळा निघाला. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, रंगूनची बोचकी वाटेतच फुटली की!" सगळ्या हसल्या. जाऊबाई डब्याचं झाकण उलटं करून निरखत होत्या. "झाकणाला घाम सुटला," त्या म्हणाल्या. "तोच खाली गळला. बस्, बाकी काही न्हाई."

मग आमचे शोध सुरू झाले. जाऊबाईंनी बुरुडाकडून एकावर एक बसणाऱ्या टोपल्या विणून घेतल्या. झाकणही कामट्यांचंच, म्हणजे वाफ कोंडत नसे. त्याखाली धोतराचं कोरडं फडकं, बोचक्यांखाली पळसाची पानं. जाळ काढून घेऊन राखेखालच्या निखाऱ्यांवर पातेलं ठेवायचं. खरी युक्ती पुढेच होती. शेवटच्या पंगतीची टोपली अर्धी कच्ची असताना उतरवायची आणि मुलं जेवायला बसली की पुन्हा चढवायची. मी सारखी विचारी, पानं पळसाचीच का? मेथी काळी का पडली? "पातेल्याला विचार," त्या म्हणत.

आत्याबाई येताजाता झाकण उचलत.

"आत्याबाई, भूक लागली का नुसतं बघायचंय?"

"बघून राह्यले गं. बघायला काय खर्चा येतो?"

"वाफ जाते ना. बायांच्या पंगतीची हाय ती."

आत्याबाई झाकण ठेवत. जरा वेळानं पुन्हा उचलत.

मामंजींच्या साठीला हसनाबादचे सगळे भाऊबंद आले. पहिल्या पंगतीत बोचक्यांना आधी कुणी हात लावेना. मामंजींनी एक मोडून पाहिलं, खाल्लं, आणि मग सगळी पंगतच मागू लागली. पुरुषांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. मुलांचीही बरीचशी गेली. तेवढ्यात बाहेरून मामंजींचा आवाज आला, "सूनबाई, अजून आणा!"

आमची एक टोपली तेवढी अख्खी उरली होती. ज्यांची साठी, त्यांनी पानावरून मागितलेलं नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. जाऊबाईंचा हात टोपलीवर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आत्याबाई उठल्या. पदर सारखा करून दारात उभ्या राहिल्या.

"सरली," त्या म्हणाल्या.

"बिलकुल सरली?"

"सरली म्हन्ते ना! जिलबी घ्या, मुकाट्यानं."

बाहेर हशा झाला. आत्याबाई मागे वळून हळूच म्हणाल्या, "चढव गं ती टोपली."

पोरांची पानं उठली आणि आम्ही बसलो. जाऊबाईंनी टोपली मधोमध आणून झाकण काढलं. आत्याबाईंनी जन्मभराच्या सवयीनं, गारच असणार म्हणून, अख्खं बोचकं तोंडात टाकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाजलं गं बाई!" नणंदबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. आत्याबाईंनी तो बाजूला सारला, दुसरं बोचकं उचललं, आणि लहान मुलीसारखे गाल फुगवून त्यावर फुंकर घातली. कार्याच्या जेवणात फुंकर घालताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

जाऊबाई अजून वाढतच होत्या.

"सुभद्रे, ठेव ते," आत्याबाई म्हणाल्या आणि शेजारचा पाट हातानं पुढे ओढला. "तूबी बैस. तुझं गार होईल."