तिसऱ्या खांबापाशी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. वाचायचं, मनातल्या मनात दोन शंका काढायच्या आणि चहा टाकायला उठायचं, इतकाच माझा त्यांच्याशी संबंध. माझी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. भुताखेतांच्या पुस्तकांना नंबर मीच घातले, फाटली की बाइंडिंगला मीच पाठवली. पण त्यांतलं काही खरं असेल असं एकदाही वाटलं नाही. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसलो याची थोडी लाज वाटते. सावकाश लिहितो आहे. मधे मधे थांबावं लागतं… समजून घ्या.

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. क्रांती चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचा फ्लॅट आहे. माझी बायको वसुधा शाळेत विज्ञान शिकवायची. तिला एक छंद होता, जो आमच्या नात्यागोत्यात कोणालाच नीट समजला नाही — जुन्या स्की-लिफ्ट शोधून काढायचा.

बर्फावरून घसरत खाली येणाऱ्या लोकांना पुन्हा डोंगरावर नेऊन सोडणारे हे झुलते पाळणे. आता सगळीकडे काचेचे बंद डबे आले. वसुधाला त्याआधीचे हवे असायचे. कुठे लाकडी पट्ट्यांची एकट्या माणसाची खुर्ची, कुठे कमरेमागे नुसता आडवा दांडा लावून बर्फावरून ओढत नेणारा दोर, कुठे उभ्यानं जायची लोखंडी बादली. बंद पडलेल्या लिफ्टचं पुढे काय झालं, तिच्या खुर्च्या कोणाच्या बागेत लागल्या, चाक कुठल्या भंगारात पडलं, याचा ती सुट्टीभर माग काढायची. देशोदेशीचे असेच चार वेडे तिला इंटरनेटवर भेटले होते. मे महिन्यात लोक हिमाचलात बर्फ बघायला जायचे. आम्ही तिथं बटाट्याच्या शेतातला गंजलेला खांब शोधत फिरायचो.

तिचा भाऊ चिडवायचा, "ताई, अगं आपल्या गावात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो!"

"म्हणून तर शोधावा लागतो रे," ती म्हणायची.

आणि एक दिवस तिला तो इथंच सापडला. एका विद्यार्थिनीच्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ बघत होती. लग्न सोयगावकडच्या एका कृषी पर्यटन केंद्रात झालेलं. ड्रोनच्या चित्रात नवरा-नवरीच्या मागे, डोंगरावर, एका दोराला लटकलेल्या खुर्च्या दिसल्या. तिनं चित्र थांबवलं.

"अहो, इकडे या. ही खुर्ची लटकते आहे ना, तो दांडा बघा कसा वाकलाय. हे इथलं नाही. हे बर्फातलं आहे."

तिच्याकडे उत्तरेतल्या एका मोडीत निघालेल्या लिफ्टचा जुना फोटो होता. तीच खुर्ची, तोच वाकलेला दांडा. सुट्टी लागली की जायचं ठरलं. सुट्टी लागण्याआधी वसुधा गेली. शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, बोलता बोलता कोसळली.

आमची एकुलती एक मुलगी मुक्ता पुण्याला नोकरी करायची. ती आईच्या कार्याला आली, ती परत गेलीच नाही. नोकरी सोडली. जेवायला बसायची आणि ताटाकडे बघत राहायची. दिवसचे दिवस बोलायची नाही. माझ्या बहिणीनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "दादा, पोरीला एकटीला ठेवू नकोस." वसुधा गेल्याचं दुःख होतंच, पण त्या वर्षात माझ्या मनात खरी भीती एकच होती — मुक्ताही हातातून जाईल.

म्हणून वर्षश्राद्ध झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "बाबा, सोयगावची लिफ्ट बघून येऊ. आईची राहिली आहे," तेव्हा मला देवच पावल्यासारखं झालं.

सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, खाली फर्दापूर आणि तिथून सोयगावच्या रस्त्याला. होळी होऊन गेली होती. उन्हानं डोंगर करपलेले. केंद्र डोंगराच्या पायथ्याशीच होतं. मालकांना सगळे तात्या म्हणतात. साठीचे, पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं. फाटकापाशीच उभे होते.

"या सर, या. बर्फ नाय आपल्याकडं, पन कांदा लई हाय. त्याच्यावरून घसरा!"

मुक्ता किंचित हसली असं मला वाटलं. तात्यांना ऐकणारं माणूस मिळालं की पुरे. "हे समदं मी भंगारात उचललं बघा. दोन ट्रक भरून आनलं. गाववाले म्हनले, तात्याचं डोकं फिरलं. आता तेच पोरंबाळं घेऊन येतेत."

लिफ्ट चालायची ट्रॅक्टरवर. पिठाची गिरणी किंवा मळणीयंत्र चालवावं तसा ट्रॅक्टर मागे लावलेला, त्याचा पट्टा गिअरबॉक्सला आणि तिथून दोर फिरवणारं मोठं आडवं चाक. त्यांचा गडी ट्रॅक्टरवर बसलेला. वसुधा हे बघून नाचली असती.

"तिकडं बर्फात ही तिसऱ्या खांबापाशी संपायची," तात्या सांगत होते. "तीनच खांब होते. मी म्हनलं, आपला डोंगर मोठा हाय. दोन खांब इथंच बनवून घेतले. तिसऱ्याच्या अलीकडनंच खाली नाला लागतो, लई खोल. पन वरून नजारा असा दिसतो ना… क्या बात!"

"हो, आईच्या फोटोत तीनच आहेत," मुक्ता म्हणाली. "तिसऱ्यापाशी माणसं उतरताना दिसतात."

खुर्ची दोघांची होती, पण तात्यांचा नियम एका पाळण्यात एकच माणूस. "दोर म्हातारा हाय, माझ्यासारखा." समोरून खाली येणारा आडवा दांडा झिजला होता, नीट अडकत नव्हता. म्हणून ते प्रत्येकाला कमरेभोवती दावं घालून खुर्चीच्या डाव्या बाजूच्या लोखंडी पट्टीला बांधायचे. गुरांना बांधतात तेच दावं, नवंकोरं.

"काका, मी काय गाय आहे का?" मुक्ता म्हणाली.

"गाय नाय माय. गाय गप उभी ऱ्हाती!"

मुक्ता पुढच्या खुर्चीत बसली, मी तिच्या मागच्या. ट्रॅक्टर घुरघुरला आणि पाय जमिनीवरून सुटले.

दोघांच्या खुर्चीत एकटं माणूस कडेला बसलं की खुर्ची त्या बाजूला कलते. हे मला वसुधानंच शिकवलेलं. एकटं असलं तर मध्ये बसायचं, म्हणायची. आम्हाला डावीकडे बांधलेलं असल्यामुळे माझी खुर्ची डावीकडे कलली होती. पुढे मुक्ताचीही तशीच. खाली कांद्याची शेतं लहान होत होती. ट्रॅक्टरचा आवाज मागे राहिला. बरं वाटत होतं, खरंच.

दुसरा खांब गेला. खांबावरच्या चाकांवरून जाताना खुर्ची धडधडली, मी क्षणभर खाली बघितलं. पुन्हा वर बघितलं तेव्हा मुक्ताची खुर्ची सरळ झाली होती.

आधी वाटलं, ती मध्ये सरकली. पण सरकणार कशी? डावीकडे बांधलेली होती. आणि ती डावीकडेच होती.

उजवीकडे दुसरं कोणीतरी बसलं होतं.

पाठमोरं. करड्या केसांचा अंबाडा, आणि त्यात आडवी खोचलेली पेन्सिल. पेपर तपासताना वसुधा अशीच पेन्सिल खोचायची आणि मग घरभर शोधत फिरायची… दोघींची डोकी जवळ आलेली होती. मुक्ता मान वळवून बोलत होती. वर्षभरात मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

खरं सांगतो, पहिल्यांदा भीती वाटली नाही. डोळे भरून आले. एवढंच मनात आलं, की आली एकदाची.

मग हाताला जाणवलं की मी धरलेला लोखंडी दांडा गार पडला आहे. त्या उन्हात. नुसता गार नाही, कातडी चिकटावी असा.

आणि पुढच्या खुर्चीचा आडवा दांडा वर जाऊ लागला.

वसुधानं आयुष्यभर लोकांना दटावलं होतं, वर पोचल्याशिवाय दांडा उचलायचा नाही. अनोळखी पोरांनाही सोडायची नाही. आणि इथं, तिसऱ्या खांबाच्या अलीकडे, दांडा हळूच, सवयीच्या हातानं उचलावा तसा वर गेला. मुक्ता पुढे सरकली. पाय जोडून, पावलं किंचित वर — उतरायची तयारी करतात तशी. खाली तो नाला सुरू झाला होता. काळे दगड आणि तळाशी वाळलेली झुडपं.

मी पुढे झुकलो, तर माझ्याही दाव्यानं मला मागे ओढलं.

तात्यांनी खालून वर गेलेला दांडा पाहिला असावा. ट्रॅक्टर बंद झाला. सगळं जागच्या जागी थांबलं आणि आम्ही दोघं त्या नाल्यावर झुलत राहिलो. मुक्ता खुर्चीच्या बाहेर निम्मी आली होती, कमरेला ताणलेल्या दाव्यावर अडकून. इतकी शांतता झाली की तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"अगं थांब ना… बांधलंय मला. सुटत नाहीये."

ती दोन्ही हातांनी गाठ सोडत होती.

"मुक्ता!" मी ओरडलो. "मुक्ता, मागे सरक! मागे हो बाळा!"

तिनं वळून बघितलं. तिच्या शेजारचं माणूसही वळलं.

वसुधाच होती. मी पस्तीस वर्षं तो चेहरा पाहिला आहे. विद्रूप नाही, भयंकर नाही, काही नाही. गाडी फलाटाला लागली असताना मी पेपर घडी करत बसलो की ती माझ्याकडे जशी बघायची, तशी बघत होती. चला ना, किती वेळ, असं. भीती मला तेव्हा वाटली… आजवर तशी कधी वाटली नव्हती. कारण त्या नजरेत जराही खोट नव्हती.

मी मान हलवली. 'नाही' म्हणून. एवढंच जमलं.

खाली ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला. हिसका बसला, आणि मुक्ताची खुर्ची डावीकडे कलली. शेजारची जागा मोकळी होती. मुक्ता मागे सरकली, तिनं स्वतःच दांडा खाली ओढला. वर उतरायचं नव्हतंच; वरच्या चाकाला वळसा घालून तिची खुर्ची खाली येऊ लागली तेव्हा माझी अजून वर चाललेली होती. हाताच्या अंतरावरून ती समोरून गेली. चेहरा ओला होता आणि ती हसत होती.

"दिसली ना बाबा?"

माझी खुर्ची वरच्या चाकाकडे सरकत राहिली.

खाली गाठ सोडता सोडता तात्या मुक्तावर खेकसले, "ए माय, दांडा कशाला उचलला गं? मरायचं हाय का?"

"आई म्हणाली, आलं, इथं उतरायचं," मुक्ता शांतपणे म्हणाली.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, अख्ख्या गावानं ह्याच्यात चकरा मारल्यात. कोनाला काय झालं नाय. पोरीला दवाखान्यात दाखवा."

दाखवलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. दोघंही शोकात आहात, म्हणाल्या. मुलीच्या मनात टोकाचं काही असेल तर तिचं मन आईच्या तोंडून तेच बोलवून घेऊ शकतं. वडिलांनाही ओढ होतीच, त्यामुळे त्यांनाही दिसलं. मला हे पटलं असतं. कदाचित तेच खरं असेल, आणि तेच सगळ्यात भयंकर आहे. पण नंतर मी तात्यांना फोन करून एकच विचारलं — दांडा उचलला तेव्हा पोरीची खुर्ची कललेली होती की सरळ?



"सरळ होती," ते म्हणाले. "मला वाटलं, मधी सरकली असंल. पन गाठ तर मीच मारली होती, डाव्या अंगाला… जाऊ द्या सर. नका इचारू."

मुक्ताचं म्हणणं वेगळं आहे. त्या दिवशी परतीच्या वाटेवर, घाट चढताना तिनं ते अगदी सहज सांगितलं. "आईची काय चूक बाबा? तिनं फक्त तो जुना फोटो पाहिला होता. त्यात लिफ्ट तिसऱ्या खांबापाशीच संपते. पुढचं तात्यांनी वाढवलंय, हे तिला कुठं माहीत? तिला वाटलं, आलं ठिकाण."

मी गाडी चालवत होतो. आपली माणसं गेल्यावर त्यांना इथलं काय कळतं आणि काय कळत नाही, हे कुठल्या पुस्तकात बघायचं?

आता मुक्ता बरी आहे. नीट जेवते, घरूनच नवीन काम करते, आत्याशी फोनवर तासन्‌तास गप्पा मारते. बहीण म्हणते, दादा, पोर माणसात आली. मी हो म्हणतो. पण दर रविवारी सकाळी ती तयार होऊन माझ्यासमोर उभी राहते.

"जाऊ या ना बाबा. ती तिथंच उतरून उभी असेल आपली वाट बघत. लिफ्ट अजून पुढे जाते, हे कोणीतरी सांगायला हवं ना तिला."

मी काहीतरी काम काढतो. कधी पाहुणे, कधी माझा गुडघा. माझ्याकडे या सगळ्याचं स्पष्टीकरण नाही. असेल असंही आता वाटत नाही. मुक्ताला त्या डोंगरापासून लांब ठेवायचं, एवढंच मला कळतं. गेल्या रविवारी ती विचारायला आली, तेव्हा मात्र माझ्या हातात आधीच गाडीची किल्ली होती. मी ती कधी उचलली, मला आठवत नाही.