त्या कार्टूनात कार्टून होतं

आमच्या कंपनीत पुठ्ठ्याच्या खोक्याला सगळे कार्टूनच म्हणतात. सुपरवायझरसुद्धा. चाकणला पॅकिंगला लागले तेव्हापासून मीही तेच म्हणते. कार्टून भर, टेप मार, स्टिकर लाव. दिवसभर तोंडात तोच शब्द.

माझी लेक नववीत होती तेव्हा टीव्हीवर अवकाशातल्या लढायांची एक चित्रांची मालिका बघायची. त्याचे आधी मोठे सिनेमे आले होते म्हणे. ती म्हणायची, "आई, सिनेमात मागं नुसते उभे असतात ना, त्यांच्या गोष्टी ह्यात आहेत." तिला त्यातला एक शिपाई आवडायचा. एका भागात तो दार राखत उभा असतो आणि पुढं कधीच दिसत नाही. मालिकेनंही त्याला सोडून दिलं, म्हणून पुढची गोष्ट तीच लिहायला लागली. वह्या भरल्या, चित्रं काढली. मी संध्याकाळी भाकरी थापायची आणि ती ओट्यावर बसून मला त्या दिवशीचं सांगायची. मी म्हणायची, हं. लक्ष तव्याकडं, नाहीतर उद्याच्या शिफ्टकडं.

वह्या ठेवायला तिनं मागितलं म्हणून मीच सुपरवायझरला विचारून एक रिकामं खोकं आणून दिलं होतं.

दिवाळीच्या आधी मी घर आवरायला काढलं. भंगारवाला गाडी घेऊन दारात आला होता. माळ्यावर टेप मारलेलं खोकं दिसलं. लेक आत शाळेची घाई करत होती. मी बाहेरून ओरडले, "अगं, ह्या कार्टूनात काय हाय?"

आतून ती म्हणाली, "कार्टून आहे त्यात!"

कंपनीत मोडलेली खोकी चपटी करून एका खोक्यात भरतात. मला तेच वाटलं, तिच्या वह्या ध्यानातच आल्या नाहीत. उचलून दिलं.

शाळेतून आल्यावर तिनं माळा बघितला. मग मला बघितलं. सासूबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "कार्टीनं कार्टूनात कार्टून ठिवलं आन् आईनं भंगारात घातलं!" आमचे मालक, म्हणजे तिचे वडील, हसले. मलाही हसू आलं. ती हसली नाही.

"आई, चल. भंगाराचं दुकान नाक्यावरच आहे. आत्ता गेलो तर सापडेल."

दुकान नाक्यावरच होतं. चालत पाच मिनिटं. पण तिथं कायम दहा-बारा बाप्ये उभे असायचे. त्यांच्यासमोर जाऊन रद्दीत हात घालायचा, माझं खोकं द्या म्हणायचं, का म्हणून विचारलं तर कार्टून सांगायचं. माझे पाय निघेनात. मालकांना म्हटलं, तर म्हणाले, "पोरखेळ हाय, दुसरं काढंल."

मी तिला म्हटलं, "उद्या सकाळी जाऊ गं."

सकाळी तीच एकटी गेली. दुकानदार चाचा चांगला माणूस, त्यानं तिच्याबरोबर सगळं उलटंपालटं केलं. "बेटी, कालच आली असतीस तर. पुठ्ठ्याची गाडी पहाटे गेली," म्हणाला. तिनं घरी येऊन मला एवढंच सांगितलं आणि दप्तर भरलं. त्यानंतर भाकरी थापताना ती ओट्यावर बसली नाही. चित्रंही काढली नाहीत. मी एकदा नवी वही आणली, ती तिनं गणिताला वापरली.

आता ती वाकडला नोकरी करते, मैत्रिणींबरोबर राहते. रविवारी येते. भांडण आमचं कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

यंदा मी ती मालिका बघितली. नाव इंग्रजीत लिहिता येत नाही, म्हणून घरात कोणी नसताना फोनमध्ये बोलून शोधलं. हिंदीत मिळाली. जेवणाच्या सुट्टीत कानात वायर घालून रोज एक भाग. बरोबरच्या बाया म्हणायच्या, "काय मावशी, या वयात कार्टून?" मी फोन पालथा घालायची, त्या गेल्या की परत सुलटा. बऱ्याच दिवसांनी तो दार राखणारा शिपाई आला. चिलखताचा खांद्यावरचा रंग उडालेला. एक वाक्य बोलतो, बास. मी तेवढंच चार वेळा बघितलं.

गेल्या रविवारी ती भाजी निवडत होती. मी धीर करून म्हटलं, "तुझा तो दारावरचा शिपाई. मी बघितला."

तिचे हात थांबले. "तू बघितलास?"

"हं. पुढं काय झालं त्याचं? तू लिवलं हुतंस ना."

तिनं मेथीची काडी खाली ठेवली. आठवायला लागली. मग म्हणाली, "नाही गं आठवत. तो दार सोडून निघतो, एवढंच." आणि एकदम माझ्याकडं बघून म्हणाली, "पण तुला मी रोज सांगायचे की. तुला आठवतंय का काही?"

मी खूप आठवून बघितलं. तवा आठवला, तिचा आवाज आठवला, ओट्यावरून हलणारे तिचे पाय आठवले. गोष्टीतलं काहीच आठवेना.

"सांग ना," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हं."