गंगारामदादांचं शेवटचं गाऱ्हाणं

गंगारामदादा कधी कोणावर रागावले नाहीत, हीच त्यांची मोठी चूक. एकदा जरी "जमणार नाही" म्हणाले असते, तर आरोंद्यातल्या आम्हा लोकांना थोडी तरी लाज वाटली असती. पण माणसाच्या तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमलंच नाही. मे महिना लागला की परड्यापरड्यातून त्यांना हाका. घरावर आलेला सुका खांदा, म्हणजे जाड फांदी, पावसाआधी उतरवायला हवा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात कौलांचा चुरा ठरलेला. "येतंय," म्हणायचे, आणि यायचे.

कमरेच्या आकडीत कोयता, खांद्यावर करवत आणि काथ्याचा दोर. फांदीला आधी खालून थोडा काप घालायचा, मग वरून कापायची, हा त्यांचा नेम. नुसती वरून कापली तर ती अर्ध्यात मोडते आणि खोडाची साल ओरबाडत खाली येते. मग पाणी मुरतं नि झाड आतून पोकळ होतं. कापलेल्या जागी शेणमाती लिंपल्याशिवाय ते खाली उतरत नसत.

फांदी दोराने सावकाश खाली सोडायची आणि दोराचं टोक घरवाल्यानेच धरायचं. "कौलां तुमची, दोर तुमी धरा," म्हणायचे. माझे यजमान गोव्यात नोकरीला, शनिवारी घरी येणार. त्यामुळे माडाच्या बुंध्याला दोराचा एक वेढा देऊन टोक धरायचं काम माझं. मी शाळेत शिकवते, ओरडायची सवय आहे. "हळू सोडा, कौल जाईल!" हे मी दर वर्षी वर न बघताच ओरडायचे.

चढण्याआधी ते बुंध्याशी पानाचा विडा ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचे. खाली उभे असतील त्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की ते सगळ्यांवर बंधनकारक, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक. मी मात्र ते हजेरीला पोरं "हजर" म्हणतात तसं म्हणायचे. अर्धं लक्ष चुलीवरच्या पेजेकडे.

२००६ च्या मे महिन्यात आमच्या रायवळ आंब्याचा एक खांदा वाळला. बरोबर स्वयंपाकघरावर. दादांची साठी केव्हाच उलटली होती. मी तीन निरोप धाडले, तेव्हा कुठे ते आले. सोबत त्यांची बायको आनंदी. ती आधी कधी आली नव्हती.

"दादानू, तीन निरोप धाडलंय मी," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"व्हय बाईनू," एवढंच म्हणाले आणि विडा ठेवून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, जागेच्या राखणदारा! ह्या झाडाचो सुको खांदो काढतंय, तेचो राग धरू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघी.

"माका सुखरूप खाली उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चाळीस वर्सां चढलंय. आता पाय थरथरतत. आजपासून माका मोकळो कर रे म्हाराजा! आणि जो कोण माका परत झाडार चढूक सांगात, तेका तूच बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझाच आवाज मोठा होता. शब्द तोंडातून गेल्यावर मला अर्थ कळला. आनंदी माझ्याकडे टक लावून बघत होती. ती कशाला आली होती, तेही मला तेव्हाच कळलं. माणसांना नाही म्हणता येईना, म्हणून या माणसाने देवाकडे सुटका मागितली होती, आणि साक्षीला मी.

ते चढायला लागले. इतक्या वर्षांत त्या दिवशी मी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. प्रत्येक बेचक्यावर पाय टेकला की गुडघा लटलटत होता. "नको, उतरा," म्हणावंसं फार वाटलं, पण मध्येच हाक मारली तर दचकतील या भीतीने ओठ मिटून उभी राहिले. खांदा उतरला. शेणमाती झाली. दादा जमिनीवर आले, तेव्हा आनंदीने त्यांच्या कमरेची आकडी कोयत्यासकट सोडून घेतली.

पुढच्या मे महिन्यात त्याच आंब्याचा शेजारचा खांदा सुकला. माझी पावलं सवयीने त्यांच्या दारात गेली.

दादा पडवीत बसले होते. मला बघताच उठले. "काय बाईनू, खांदो सुकलो? येतंय हां," म्हणाले आणि भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे हात नेला. आनंदी दारात येऊन उभी राहिली.

"नाय ओ दादानू. सहज इलंय. झाडां बरी आसत," मी म्हटलं. चहा पिऊन परतले.

दुसरा कोणी चढणारा मिळाला नाही. जूनमध्ये एका वाऱ्याने खांदा स्वयंपाकघरावर आला. बावीस कौलं फुटली, पेजेचं मडकंही गेलं. श्रावणात दादा काकड्या घेऊन आले, त्यांनी नवी कौलं पाहिली.

"काय झाला, बाईनू?"

"माकडांनी फोडल्यानी."

त्यांनी आंब्याकडे पाहिलं. मोडलेल्या खांद्यापासून बुंध्यापर्यंत साल फाटत आली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माकडां मरणाची माजली हत," ते म्हणाले. "जरा शेणमाती कालवा."

मी कालवून दिली. हात पोचेल तिथवर त्यांनी ती लिंपली, टाचा उंचावून, जमिनीवर उभं राहून. वरची जखम उघडीच राहिली. ते तिच्याकडे बघत होते, आणि मी तोंड घट्ट मिटून बादली धरून उभी होते.