मीनाच्या पदरावरचे पोपट

आमच्या झाडीपट्टीत जावयाला कुणीही "तुमचं चुकलं" असं म्हणत नाही, आणि माझ्या मते ही अत्यंत धोकादायक प्रथा आहे.

हे मी अनुभवावरून सांगतो, कारण मी स्वतः जावई आहे. सिहोऱ्याला माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडायची, आतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हा माझा धंदा. हात तार गुंडाळत असतात आणि मन कुठेतरी निघून गेलेलं असतं. (कुठे, ते मलाही माहीत नसतं. बायकोनं "ए बयताड", म्हणजे अरे वेड्या, अशी दोनदा हाक मारली की परत येतं. तिसऱ्या हाकेची वेळ मी येऊ देत नाही!)

माझी सासुरवाडी मोहाडीजवळच्या एका गावात, घराणं कोष्ट्यांचं. घरात शिरलं की पहिल्याच खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यावर माग आणि मागावर मामाजी, म्हणजे माझे सासरे. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, धोटा इकडून तिकडे फेकायचा आणि फणीनं धागा ठोकायचा. या मागावर कोशाच्या रेशमी साड्या होत, करवतीच्या दात्यांसारख्या काठाच्या.

मामाजींचा एकच हट्ट होता. मुली दोन, आणि दोघींनीही सासरी जाताना आपल्या घरच्या मागावरची साडी नेसूनच उंबरठा ओलांडायचा. थोरली वंदना, म्हणजे माझी बायको, तशीच आली. (ती साडी अजून नव्यासारखी आहे. मी नाही.) आता धाकट्या मीनाची पाळी होती. स्थळ बपेऱ्याचं, आणि मुहूर्त धान घरात आल्यानंतरचा. गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि निम्मे सोयरे तिकडचे, त्यामुळे पत्रिकांवर पत्ते लिहिताना घरात रोज एक भांडण होई. पण मामाजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते विणत होते. साडी होत आली, फक्त पदर राहिला. मीनाला लहानपणापासून पोपटांचं वेड, म्हणून पदरावर पोपटांच्या चार रांगा काढायच्या ठरल्या. पहिली रांग विणून मामाजी मोहाडीच्या बाजाराला गेले, येताना सायकल घसरली आणि उजवा हात मोडला.

मी भेटायला गेलो तेव्हा हात गळ्यात बांधून ते मागाकडे बघत बसले होते. इतक्या कडक माणसाचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. 

"मीना बाजाराच्या साडीत जाईन का, जवाईबापू?" त्यांनी विचारलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. माझ्या सासूबाई जन्मापासून विणतात. त्या त्या क्षणी मागावर बसायलाच निघाल्या होत्या. एक पाय खड्ड्यात गेलासुद्धा होता! कुणालाही माझी काहीही गरज नव्हती.

"मी बसतो ना," मी म्हणालो.

 सासूबाईंनी पाय खड्ड्यातून वर घेतला. त्या माझ्याशी सरळ बोलत नाहीत, जावयाच्या मानापायी खोलीच्या मधल्या खांबाशी बोलतात. त्या खांबाला म्हणाल्या, "जवाईबापूनं कायले तरास घ्यावा? आमी हावो ना घरचे."

"तरास कायचा?" मी खांबाला उत्तर दिलं. "तांब्याची तार काय आन् कोशाचा धागा काय! गुंडाळनंच त हाय."

मामाजींनी डोळे मिटले. वंदना तिथे असती तर हे इथेच मिटलं असतं, कारण जावयाचा मान राखायची सक्ती बायकोला नसते. पण ती सिहोऱ्याला, माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून. अशा रीतीनं मी दुकान भाच्यावर सोपवून सासुरवाडीला मागाच्या खड्ड्यात उतरलो.

आणि खरं सांगतो, तिथे मी सुखी झालो. छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून उन्हाच्या तिरिपा ताण्यावर पडायच्या आणि कोशाचा धागा मधासारखा चमकायचा. खट्-खटाक्, खट्-खटाक्. त्या आवाजात असं काही औषध होतं की पाच मिनिटांत मी जागच्या जागी विरघळून जायचो. इतकी वर्षं मामाजींना बघून जमलं होतं तसं, रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्या ताण्यातून आत-बाहेर करत पोपट भरायचा, मग धोटा, मग ठोका. हात चालू आणि मी भलतीकडेच! कधी आमच्या सिहोऱ्याच्या बांधीवर, पिवळ्याधमक धानात. कधी मीना लहान असतानाच्या अंगणात, जिथं मी कधी गेलोच नव्हतो. एकदा तर मी सबंध पोपट विणला आणि मला वाटलं, त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. सासूबाई खांबाला म्हणाल्या, "जवाईबापूची तब्येत ठीक हाय ना?"

मात्र पहिल्याच दिवशी, पहिला पोपट भरण्याआधीच, मला एक भयंकर शोध लागला होता. मामाजींनी विणलेली पहिली रांग माझ्या पोटाशी होती, आणि तिच्यातले सगळे पोपट उलटे होते! डोकी माझ्याकडे, पाय वर. मी वाकून पाहिलं, तिरपं होऊन पाहिलं, पण उलटे ते उलटेच. मला एकदम भरून आलं. केवढा मोठा कारागीर, पण वय कुणाला चुकलंय? नजर गेली असणार बिचाऱ्यांची! हे त्यांना सांगायचं कसं? हात मोडलेला, मन मोडलेलं, त्यात आणखी हे कशाला? मी ठरवलं की ओठ शिवून घ्यायचे. त्यांची एक रांग राहू द्यायची तशीच, आणि उरलेल्या तीन गुपचूप सरळ विणून टाकायच्या. मी आधी पाय विणले, मग पोट, मग चोच. काय डौलात बसले पोपट! स्वतःच्या मोठ्या मनाचं मला इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

आता ज्याला विणकाम कळतं तो इथं कपाळाला हात लावेल. पदर खांद्यावरून मागे सोडला की त्याचं टोक खाली येतं. मागावर जी बाजू विणणाऱ्याकडे, ती नेसल्यावर वर. म्हणून पोपट मागावर उलटे विणायचे, तेव्हा ते पाठीवर सरळ बसतात. हे कोष्ट्यांच्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. फक्त ते जावयाला सांगायचं कुणी?

मामाजींनी ती रांग पाहिली. त्यांच्या घशातून मोटर जळताना येतो तसा आवाज आला. मला वाटलं, कौतुकानं.

"जवाईबापू," ते म्हणाले, "साडी नेसली का पदर कोनीकडं जाते?"

"खांद्यावर," मी तंद्रीतच म्हणालो.

"मंग?"

"मंग पाठीवर."

"हाव!" मामाजी आशेनं पुढे सरकले. "मंग पोपट कोनीकडं जातीन?"

"बपेऱ्याले," मी म्हणालो आणि माझे डोळे पाणावले. "मीनासंग."

मामाजी उठून अंगणात निघून गेले.

मग गल्लीतले एकेक विणकर येऊ लागले. एका घरचा जावई म्हणजे सगळ्या गल्लीचा जावई, त्यामुळे बोलायची चोरी सगळ्यांनाच! शेजारचे कोठीराम काका आले, त्यांनी मागावर नजर टाकली, खोकले, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "वा! जवाईबापू, असे पोपट त अख्ख्या मोहाडी तालुक्यात कोनं विनले नसतीन." मी लाजलो. बाहेर जाऊन त्यांनी मामाजींच्या खांद्यावर हात ठेवला, जसा मयताच्या घरी ठेवतात.

मीनानं एकदा आत डोकावून पाहिलं असतं तरी तिनं बोंब ठोकली असती. पण नवरीनं आपली साडी मागावर असताना पाहायची नाही, हा मामाजींचाच नियम, म्हणून ती मागच्या दारानंच ये-जा करी. आता स्वतःचाच नियम मोडायचा कसा?

सासूबाईंनी शेवटी दुसराच मार्ग काढला. दुपारी मला पातोडीचा रस्सा आणि इतका भात वाढला की मी मागाशेजारीच चटईवर आडवा झालो. जाग आली, पाहतो तर एक सबंध रांग गायब! नुसता कोरा ताणा.

"मामाजी! अठी पोपट होते ना?"

मामाजी छताकडे बघत म्हणाले, "सपन पडलं असन, जवाईबापू."

आणि मला पटलं हो! मी जागेपणीही स्वप्न बघणारा माणूस. विणलेलं कुठलं आणि स्वप्नातलं कुठलं, याची खात्री मला स्वतःलाच नव्हती. मी मुकाट्यानं रांग पुन्हा विणली, अर्थात "सरळ". दुसऱ्या दुपारी पुन्हा रस्सा, पुन्हा झोप, पुन्हा पोपट पसार! सासूबाई हातात सुई घेऊन मागाशेजारी बसल्या होत्या, बोटात गेलेला काटा काढायला, असं त्या खांबाला म्हणाल्या. त्या बिचाऱ्या माझी प्रत्येक रांग उसवून स्वतः विणायच्या बेतात होत्या, पण उसवण्यातच त्यांची दुपार संपे आणि मी जागा होई. मला मात्र भीती वाटू लागली. असंच स्वप्नात विणत राहिलो तर लग्न येईल आणि मीना बाजारच्या साडीत जाईल! मामाजींचा तो पडलेला चेहरा डोळ्यांसमोर आला. मी निर्धार केला आणि दुपारची झोप सोडली. जेवायचोसुद्धा मागावर बसून. सासूबाईंनी ताटात चौथ्यांदा भात वाढला तरी मी डोळ्यांना पाणी लावून विणत राहिलो. अशा कष्टानं तिन्ही रांगा पुऱ्या झाल्या, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी साडी मागावरून उतरली. आता उसवायला वेळच नव्हता.

"राहू दे," मामाजी सासूबाईंना हळूच म्हणाले. "लेकरानं जीव लावून विनलं हाय."

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि पाठवणीसाठी मीनाला साडी नेसवायची वेळ आली. आदल्या संध्याकाळी सिहोऱ्याहून आलेल्या वंदनानं साडीची घडी उघडली आणि तिचा आवाज मांडवापर्यंत आला.

"आई वं! ह्या पोपटायले फाशी कोनं देल्ली?"

मी धावत गेलो. पदर मीनाच्या पाठीवर सोडलेला होता. वर मामाजींच्या रांगेतले पोपट ऐटीत बसलेले, आणि त्यांच्याखाली माझे, तीन रांगा, डोकं खाली, पाय वर! नवऱ्या मुलाची आत्या मागे उभी होती. ती कौतुकानं म्हणाली, "अगं बाई, पोपट अन् चमगादड! नवीन फॅशन हाय का मोहाडीकडं?"

वंदनानं दोन वाक्यांत मला पदराची दिशा समजावली. (ती दोन वाक्यं इथे देण्यासारखी नाहीत.) माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि डोळ्यांसमोर अंधार. मामाजी दारात उभे होते. त्यांनी जन्मभर जपलेला एक हट्ट, आणि मी तो उलटा टांगून ठेवला! जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. खड्डा तर शेजारच्या खोलीत तयारच होता.

तेवढ्यात त्या आत्याबाई पुढे झाल्या. "आमच्याकडं पदर असा घेतेत," म्हणत त्यांनी मीनाचा पदर मागून काढला आणि उजव्या खांद्यावरून पुढे छातीवर सोडला. बपेऱ्याकडे, मध्य प्रदेशच्या सीमेलगत, तशीच पद्धत. मीना रडत होती. रडता रडता तिनं मान खाली घातली, पदराकडे पाहिलं, आणि एकदम थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "हे त माह्याकडं पाहून राहिले!"

 आम्हाला समोरून ते उलटेच दिसत होते, पण वरून बघणाऱ्या मीनाला तिन्ही रांगा सरळ होत्या.

"सगळ्यायच्या साडीवरचे पोपट दुसऱ्यायनं पाहासाठी रायते," मीना हुंदके देत हसत होती. "भाऊजीनं माहे मलेच पाहासाठी विनले. तठी एकटं वाटलं का मी खाली पाहीन."

बायका डोळे पुसायला लागल्या. वंदनासुद्धा! आत्याबाई माझ्याकडे आदरानं बघू लागल्या. आणि मी, जो क्षणापूर्वी खड्डा शोधत होतो, तो सगळा बेत पहिल्यापासून माझाच असल्यासारखा हात मागे बांधून उभा राहिलो. पोरगी घरच्या मागावरची साडी नेसून उंबरठ्याबाहेर पडली. मामाजी तिच्या गाडीकडे बघत कितीतरी वेळ उभे होते, डोळ्यांतलं पाणी न पुसता. त्यांना धीर द्यावा म्हणून मी जवळ गेलो.

"मामाजी," मी समजुतीनं म्हणालो, "मनाले लावून घेऊ नका, पन तुमची एक रांग तेवढी उलटी आली."

मामाजींनी मान वळवली. मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं.

"बयताड!" ते म्हणाले.

मला जावई होऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या घरानं मला बरोबर ओळखलं ते त्या दिवशी.