हळदीचं शास्त्र

मला शास्त्रज्ञ म्हणू नका, असं मी हल्ली तोंडावर सांगतो. भौतिकशास्त्र शिकवलं, त्यात संशोधन केलं, परदेशातले मानसन्मान मिळाले, पेपरात फोटो आले, सगळं कबूल. पण तो शब्द नको. आमच्या सातारा-सांगलीकडं शास्त्र म्हटलं की कुणाला प्रयोगशाळा आठवत नाही. नवरदेवाचा कान का पिळायचा? शास्त्र असतंय. उंबऱ्यावरचं माप का लवंडायचं? शास्त्र असतंय. 'का'ला उत्तर नसलं की हा शब्द पुढं करायचा आणि समोरच्याचं तोंड बंद करायचं. मी जन्मभर त्याच शब्दाला 'ज्ञ' लावून मिरवलो, आणि त्याची चीड यायला मला गेल्या लग्नसराईपर्यंत थांबावं लागलं.

लग्न भाचीचं होतं, माझ्या धाकट्या बहिणीच्या एकुलत्या एक लेकीचं. आमचं गाव वडूजच्या बाजूचं, माळाचं. बहिणीला दिली ती कृष्णाकाठाला, सांगली जिल्ह्यात, हळदीच्या घरात. दाजी फौजेत होते. सुट्टीवर आले आणि शेतातच छातीत कळ येऊन गेले, तेव्हा भाची शाळेत होती. त्यानंतर शेती बहिणीनंच केली. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून आणायची, सांगलीच्या यार्डात सौद्याला बाप्यांच्या घोळक्यात उभं राहायचं, सगळं एकटीनं. हंगामात तिचे हात मनगटापर्यंत पिवळे असतात. कितीही साबण लावा, रंग निघत नाही.

लग्नाच्या आधी तिचा फोन आला. "दादा, लग्नाला येशीलच, पन हळदीला आधी ये. पोरीला पयली हळद मी लावनार हाय."

"लाव की. विचारतेस काय?"

"तू हुबा आसलास तर कोन तोंड उघडनार न्हाई, म्हनून म्हनतीया."

"अगं, आता कोण बोलतंय? तुमच्या गावानं तर विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव केलाय."

"ठराव पंचायतीच्या भिताडावर हाय. घरात जाऊबाई हायत."

मी हसलो. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी माझ्यासारखा माणूस कशाला लागतो!

हळदीच्या सकाळी पुण्याहून येऊन मांडवात शिरलो तर माईक सुरूच होता. 'जागतिक कीर्तीचे थोर शास्त्रज्ञ, नवरीचे मामा' म्हणून माझा पुकारा झाला. सरपंचांनी फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. आपल्या ठरावाचा उल्लेख करायलाही ते विसरले नाहीत. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नेहमीचंच बोललो. विज्ञान म्हणजे यंत्र नव्हे, विज्ञान म्हणजे विचारायची सवय. पुरावा नसेल तर थोरामोठ्यांचंही ऐकू नका, माझंही ऐकू नका. दणक्यात टाळ्या पडल्या. खरं सांगतो, मला त्या टाळ्यांचा वीट आलाय. हे भाषण मी दिल्लीत केलंय, परदेशात केलंय, आमच्या वडूजच्या शाळेत केलंय. लोक माना डोलावतात, फोटो काढतात, आणि जाताना गाडीला लिंबू-मिरची बांधून जातात. त्या गाड्यांत माझे विद्यार्थीही असतात.

मग पाट मांडला. भाची पिवळी साडी नेसून बसली. बहीण घरातनं हळदीची वाटी घेऊन आली आणि सरळ पाटासमोर टेकली. थोरली जाऊ पुढं आली. ही बाई दुष्ट नाही, हेही लिहायला पाहिजे. दाजी गेले तेव्हा कितीतरी महिने माझ्या बहिणीच्या चुलीपुढं तीच बसत होती. तिनं बहिणीला हटकलं नाही. माझ्याकडं वळून हात जोडले.

"आवं दादा, तुमी तर शास्त्रातलं लय मोठं मानूस. आत्ताच समद्यांनी ऐकलं. तुमीच सांगा हिला, शास्त्रात बसतंय का ह्ये?"

टोमणा मारायचा म्हणून ती बोलली नव्हती, अगदी मनापासून विचारत होती. एवढा फेटा बांधलेला शास्त्राचा माणूस समोर असताना तिनं आणखी कुणाला विचारायचं? माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"माझ्या शास्त्रात बसतं," मी म्हटलं. "आईच्या हातानं कुणाचं वाईट होत नाही. होतं म्हणणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. लाव गं तू."

सरपंच मोबाईलमध्ये बघायला लागले. जाऊ मात्र शांतपणे म्हणाली, "लावू दे की. माझं काय जातंय? पन नवरा पोरगा फौजेत हाय, हुबा हाय बॉर्डरवर. उद्या काय वंगाळ झालं तर गाव हिलाच बोलंल. तवा तुमी पुन्यात आसशिला."

बहिणीनं बोटं हळदीत बुडवली होती. ती तशीच राहिली. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"दादा, जावयाला काय व्हनार न्हाई न्हवं?"

"तुझ्या हळदीनं काही होणार नाही."

"हळदीचं ऱ्हाऊ दे. त्येला काय व्हनार न्हाई, येवढंच म्हन."

"अगं, ते कोण सांगणार? आणि काही व्हायची शक्यता तरी कितीशी? फार कमी."

"कमी म्हंजी हाय की," ती म्हणाली.

एक 'नाही' म्हणायचं होतं. कुठलाही कुडमुड्या जोशी एका दमात म्हणाला असता, वर नारळही घेऊन गेला असता. माझ्या तोंडून ते निघालं नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे म्हणायचं नाही, एवढं एकच मी आयुष्यात धड शिकलो. त्यावरच सगळं विज्ञान उभं आहे. आज पुन्हा विचारलंत तर पुन्हा तेच उत्तर देईन, कारण तेच खरं आहे. पण खऱ्याचा इतका संताप मला कधी आला नव्हता. भीतीला शंभर टक्के लागतात हो! आणि ते विकायला माणसं गल्लोगल्ली बसलीत. आमच्या दुकानात ते मिळतच नाहीत. माणसाला चंद्रावर पाठवता येतं, पण एका बाईचा हात वाटीपासून तिच्या लेकीच्या गालापर्यंत नेता येत नाही, आणि म्हणे मानवजातीची प्रगती.

बहिणीनं वाटी जाऊबाईंच्या हातात दिली आणि उठून मागं जाऊन उभी राहिली. भाची म्हणाली, "आई, तू लाव गं. मला काय व्हत न्हाई." बहिणीनं नुसती मान हलवली. सवाशिणी गोळा झाल्या, गाणं सुरू झालं, भाचीच्या कपाळाला, गालांना, पावलांना हळद लागली. ती हळद बहिणीच्या रानातली होती.

सवाशिणींचं झाल्यावर जाऊबाईंनी हाक मारली. "या दादा, आता मामाचा मान. लावा."

मी जागचा हललो नाही. "मला कसं चालेल?" मी मोठ्यानं म्हटलं. "माझीही बायको गेलीय. गेल्याच वर्षी तुम्ही सगळ्या भेटायला आला होता."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग जाऊबाईंना हसू फुटलं. "आवं दादा, बाप्याला काय लागतंय त्येचं?" सगळा मांडव हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, थोर माणसानं गंमत केली असंच सगळ्यांना वाटलं. कुणीतरी माझा हात धरून वाटीत घातलासुद्धा.

मी हात मागं घेणार, एवढ्यात पाठीमागनं बहिणीचा आवाज आला.

"लाव दादा. माझ्या वाटची बी तूच लाव."

मी लावली. पोरगी सगळा वेळ माझ्या खांद्यावरनं आईकडं बघत होती.