उत्तरेचा दगड

"मोजलं काय?"

कोणी काहीही सांगायला लागलं की काका मान तिरकी करून एवढंच विचारत. अमकी विहीर लय खोल हाय म्हटलं, मोजलं काय? तमक्याचं घर स्टेशनपासून दूर आहे, मोजलं काय? एकदा मी कौतुकानं म्हणालो, "काका, आमचं पोट्टं लय उंच होऊन राहिलं." तर त्यांनी पोराला भिंतीशी उभं केलं, विटेच्या तुकड्यानं डोक्यावर रेघ मारली आणि म्हणाले, "आता सा महिन्यानं बोलू."

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेलच. साहेबाला तो नको असतो आणि त्याच्यावाचून साहेबाचं चालतही नाही. अकोल्याच्या मोजणी कचेरीत मी नकाशांच्या नकला काढणारा कारकून, ते साखळीवाले. म्हणजे जमिनी मोजताना लोखंडी साखळीचं टोक धरून उन्हातान्हात चालणारे. वैशाखात ते साखळी ओल्या पोत्याखाली ठेवत. मी हसलो तर म्हणाले, "उन्हानं लोखंड वाढते, बाबू. लोखंड वाढलं म्हणून कोनाचं वावर कमी काहून व्हावं?"

जठारपेठेच्या पलीकडे आमची गल्ली होती आणि गल्लीला लागून एक मोठं मोकळं मैदान. मैदानाच्या अलीकडे आमची घरं, पलीकडच्या टोकाला त्यांची एकट्याची खोली. बायको लवकर गेलेली, एकुलती लेक अचलपूरला दिलेली. खोलीत एक रांजण, एक पेटी आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हाच ती आणली होती.

खरं सांगतो, आमच्या गल्लीतल्या एकाही घरानं त्यांना कधी आत बोलावलं नाही. माझ्याही घरानं नाही. कचेरीत एका टेबलाशी चहा प्यायचो आणि घरी आले की ओट्यावरूनच बोलणं व्हायचं. पण मैदानात तसं नव्हतं. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. चैत्र संपला की सगळी गल्ली खाटा घेऊन मैदानात झोपायची आणि त्यांची खाटही आमच्यातच असायची. कोणाचं लेकरू रडलं तर ते पडल्या पडल्या त्याला गोष्ट सांगत. वर्षातून ते तीन महिने त्यांना शेजार होता. बाकीचे नऊ महिने ते त्याची वाट पाहत असावेत असं मला आता वाटतं.

मग नगरपालिकेच्या फळ्यावर नोटीस लागली. मैदानाचे प्लॉट पाडून एका गृहनिर्माण सोसायटीला द्यायचं ठरलं होतं. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी, नंतर आमच्या मोजणी कचेरीचे साहेब जागेवर येऊन सुनावणी घेतील.

गल्लीत एकच गलका झाला. बायकांना वाळवणाची काळजी, पोरांना विटीदांडूची, म्हाताऱ्यांना म्हशी कुठं बांधायच्या याची. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे बैठक बसली. ते आमचे पुढारी. म्हणाले, "अर्जाफर्जानं काही होत नाही, बाप्पा. मैदानात देव बसवा. देवाले कोन हात लावते?"

सगळ्यांना पटलं. काका दाराबाहेर उभे होते. तिथूनच म्हणाले, "देव नका बसवू. आमच्या गावात बाळापुराकडे असंच मोकळं आखर होतं. ढोरं बसत, आमी पोट्टे खेळत. एक दिवस देव आला. मंग त्याले पार आला. मंग पाराजवळून आमी जाऊ नये असं झालं. देव बसला का मोकळी जागा मोकळी राहत नाही."

"तुमी आता आमचा देव मानत नाही ना, म्हणून बोलून राहिले," दुकानदार म्हणाले.

"तसं नाही हो. खरं लिहून द्या. खरं कमी हाय काय?"

त्यांनी खरं लिहून दिलंच. आठ दिवस मैदानात फिरून अर्ज तयार केला. मी त्याची शाईनं नक्कल काढली म्हणून मला पाठ आहे. किती खाटा पडतात, किती घरांची वाळवणं होतात, किती गुरं बसतात, पाऊस पडला की कोणत्या गल्लीचं पाणी इथं जिरतं आणि मैदान बुजलं तर ते कोणाच्या घरात शिरेल. असा अर्ज मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

आणि आम्ही काय केलं? एका भर दुपारी, कुत्रंही रस्त्यावर नव्हतं तेव्हा, देवासाठी चांगला दगड शोधायला निघालो. मैदानाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात एक घडीव दगड होता. दुकानदार म्हणाले, हाच. सब्बल माझ्या हातात होती. तो हद्दीचा दगड आहे हे मोजणी कचेरीच्या कारकुनाला कळू नये? कळलं हो. पण चार माणसं पाठीशी उभी असली की आपली अक्कल गहाण पडते. दगड उपटला, मैदानाच्या मधोमध रोवला, शेंदूर फासला.

आठवड्यात तो देव नवसाला पावायला लागला. एका आजीबाईनं त्याची तीन पिढ्यांची हकीकत रचली. मी स्वतः उपटलेल्या त्या दगडापुढून जाताना माझेच हात जोडले जायला लागले. काका तिकडून येत, थांबत, पाहत आणि खोलीकडे जात.

सुनावणीच्या दिवशी साहेब आले, मोजणी मांडली. साखळी अर्थातच काकांच्या हातात. साहेबांनी नकाशा पाहून विचारलं, "उत्तरेचा दगड कुठं आहे?"

सगळी गल्ली जमली होती. काकांनी आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणतील की माहीत नाही. दोन शब्दांत सुटले असते आणि आम्हीही सुटलो असतो.

"थो काय, साहेब," ते म्हणाले. "शेंदूर लावून बसला हाय."

शिपायानं शेंदूर खरवडला. खाली छिन्नीनं कोरलेली हद्दीची फुली निघाली. साहेबांचा चेहरा लाल झाला. "कोणी उपटला हा?"

"थे म्या पायलं नाही," काका म्हणाले. पाहिलं नव्हतं हे खरंच होतं. पण माझी नोकरी त्या एका वाक्यावर वाचली.

साहेबांनी हरकतींचा सगळा गठ्ठा उचलून शिपायाकडे फेकला. "देव खोटा, तसेच अर्जही खोटे असणार!"

तेव्हा मात्र काका साखळी टाकून पुढं आले. एवढ्या घाईत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "साहेब, माहा अर्ज खरा हाय. एकेक गोष्ट मोजून लिहिली. या बाबूले इचारा. आपल्याच कचेरीतले हायेत, नक्कल त्याईनंच काढली."

साहेब माझ्याकडे वळले. "काय हो?"

हो म्हटलं तर पुढचा प्रश्न दगड कोणी उपटला हाच येईल, ते मला दिसत होतं. मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही, साहेब."

मैदान गेलं. दिवाळीआधी पाये खोदले गेले. गल्लीनं ठरवून टाकलं की मैदान काकांनी घालवलं. दुकानदार त्यांना सर्वांत शेवटी सौदा द्यायचे. बायका पोरांना तिकडे फिरकू देत नव्हत्या. त्याच दुकानदारांनी सोसायटीत कोपऱ्याचा प्लॉट घेतला, त्यांना कोणी काही विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आपापल्या गच्चीवर आणि अंगणात झोपलो. काकांनी त्यांच्या दारात एकट्यानं खाट टाकली. कचेरीत मी टेबल बदलून घेतलं. लाज वाटत होती, आणि लाज वाटणाऱ्या माणसाला समोरचा माणूस सोसत नाही.

दीड वर्षानं ते निवृत्त झाले. लेकीकडे अचलपूरला निघाल्याचं शिपायाकडून कळलं तेव्हा मी रजा टाकून स्टँडवर गेलो. ते पेटीवर बसले होते. पोचवायला दुसरं कोणीच नव्हतं. मी पेटी गाडीच्या टपावर चढवून दिली, तिकीट काढू का विचारलं. त्यांनी काढलेलं होतं.

मग कसंबसं म्हणालो, "काका, त्या दिवशी तुमी खरं बोलले होते. तुमचा अर्जही खरा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"थे मले माहीत होतं, बाबू. साहेबाले माहीत नव्हतं."

आणि ते गाडीत चढले. शेजारी लेकरू घेऊन एक बाई उभी होती, तिला त्यांनी सरकून जागा दिली आणि त्या लेकराशी काहीतरी बोलायला लागले. गाडी हलली तरी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.